डेटा सफिशियन्सी: टक्केवारी आणि असमानता एकत्र आल्या की उत्तर का चुकतं, आणि दुरुस्ती कुठे करायची

टक्केवारीची गणितं येतात. असमानताही सोडवता येतात. पण एकाच डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नात दोन्ही आल्या की उत्तर हमखास चुकतं. खुलासा वाचला की ‘अरे, हे तर येत होतं’ असं वाटतं, आणि पुढच्या सराव परीक्षेत पुन्हा तिथंच पाय घसरतो.

मी हा विषय शिकवते. ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी त्याचा कच्चा कागद मागते. उत्तरावरून फक्त चुकलं एवढंच कळतं, कुठे चुकलं ते कच्च्या कागदावर असतं. आणि तिथे बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते! म्हणजे आणखी शंभर गणितं सोडवून हा दोष जाणार नाही. तो दुसरीकडे आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. उत्तर काढायचं नसतं, उत्तर निघण्यापुरती माहिती आहे का एवढंच ठरवायचं असतं. जीमॅटमध्ये (व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) पर्याय ठरलेल्या क्रमाने येतात: फक्त पहिलं विधान पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, प्रत्येक एकटं पुरेसं, दोन्ही मिळूनही अपुरी. इतर परीक्षांत हा क्रम वेगळा असू शकतो. क्रम पाठ करून दुसऱ्याच परीक्षेला बसल्यामुळे गेलेले गुण मी पाहिले आहेत, म्हणून खाली पर्यायांची अक्षरं न वापरता उत्तर शब्दांतच लिहिते.

प्रश्न किंमत विचारत नाही, बाजू विचारतो

हा प्रश्न बघा.

एका धन संख्येत आधी क्ष% वाढ केली. जी संख्या आली तिच्यात २०% घट केली. शेवटी आलेली संख्या मूळ संख्येपेक्षा मोठी आहे का?
विधान १: क्ष > २०
विधान २: क्ष > ३०

एका विद्यार्थिनीच्या कागदावर हे होतं. पहिल्या ओळीत १०० → १०० + क्ष → ८० + ०.८क्ष. त्याखाली ८० + ०.८क्ष = १००. त्याखाली क्ष = २५, आणि त्याला दोनदा अधोरेखित केलेलं. मग बाजूला लिहिलं होतं ‘पण क्ष माहीत नाही’, आणि उत्तर दिलं होतं: दोन्ही मिळूनही अपुरी.

तिला लागणारं सगळं त्या कागदावर होतं. २५ हा या प्रश्नाचा उंबरठा आहे. क्ष २५ च्या पलीकडे असेल तर उत्तर ‘हो’, २५ किंवा त्याच्या अलीकडे असेल तर ‘नाही’. म्हणजे मूळ प्रश्न आता इतकाच उरला: क्ष > २५ आहे का? पहिलं विधान सांगतं क्ष > २०. त्यात २१ बसतो (१२१ × ०.८ = ९६.८, म्हणजे नाही) आणि ४० ही बसतो (१४० × ०.८ = ११२, म्हणजे हो). उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, म्हणून विधान अपुरं. दुसरं विधान सांगतं क्ष > ३०. क्ष ची किंमत इथेही कळत नाही, पण ती जी काही असेल ती उंबरठ्याच्या पलीकडेच आहे. पुरेसं. उत्तर: फक्त दुसरं विधान पुरेसं.

त्याच प्रश्नावर दुसऱ्या एकाने ‘प्रत्येक एकटं पुरेसं’ असं उत्तर दिलं होतं. त्याचा तर्क: २० टक्के वाढवून २० टक्के कमी केलं की होतं तेवढंच, मग २० पेक्षा जास्त वाढवलं तर मोठंच होणार. पण घट होते ती वाढलेल्या संख्येवर. १०० चे १२० झाले, १२० चे २०% म्हणजे २४, उरले ९६. २०% घट भरून काढायला २५% वाढ लागते, कारण १ ÷ ०.८ = १.२५. एकाच प्रश्नावरच्या या दोन चुका अगदी उलट्या आहेत. एकीने उंबरठा काढला आणि वापरला नाही, दुसऱ्याने तो अंदाजाने चुकीच्या जागी ठेवला. तुमची चूक यांपैकी कुठली हे आधी ओळखा, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

उंबरठा काढूनही वापरत नसाल तर ही सवय लावा: विधानं वाचायच्या आधी प्रश्न नव्याने, लहान करून कागदावर लिहायचा. ‘क्ष > २५?’ एवढंच, प्रश्नचिन्हासकट. हे लिहीपर्यंत विधानांकडे नजर जाऊ द्यायची नाही. सुरुवातीला हात अडखळतो, आणि वेळ वाया जातो आहे असंही वाटतं. पण विधान वाचताना डोळ्यांसमोर ‘क्ष किती?’ ऐवजी ‘क्ष > २५?’ असणं हाच या प्रकारातला अर्धा खेळ आहे.

उंबरठा चुकीच्या जागी बसत असेल तर टक्के सोडून गुणकात विचार करा. २०% घट म्हणजे ०.८ ने गुणणं. १५% वाढ म्हणजे १.१५ ने. एकामागून एक होणारे बदल म्हणजे गुणाकार, बेरीज-वजाबाकी नाही. टक्के एकमेकांत मिळवायचा मोह होईल तिथे थांबून गुणक लिहा.

आणि उंबरठ्यावरच्या किमतीची तपासणी विसरू नका. वरच्या प्रश्नात विधान ‘क्ष किमान २५ आहे’ असं असतं तर? क्ष = २५ धरला की संख्या मूळ संख्येएवढीच येते, मोठी नाही. क्ष = २६ धरला की मोठी. म्हणून अपुरं. एका ‘किमान’ शब्दाने उत्तर फिरलं. प्रश्न इंग्रजीत असेल तर ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘नो मोअर दॅन’ म्हणजे जास्तीत जास्त, आणि या दोन्हींत बरोबरीची किंमत धरलेली असते. ‘मोअर दॅन’ मध्ये ती नसते. वाचतानाच त्या शब्दाखाली रेघ ओढा.

ठाम ‘नाही’ म्हणजेही पुरेशी माहिती

हे सगळ्यांना माहीत असतं. विचारलं तर तोंडपाठ सांगतात. तरीही पेपरात चुकतं, आणि ते चुकतं विशेषतः टक्केवारीच्या सरासरीच्या प्रश्नात.

एका गटातल्या ४०% सभासदांना पोहता येतं, दुसऱ्या गटातल्या ७०% सभासदांना. दोन्ही गटांत एकही सभासद सामाईक नाही. दोन्ही गट मिळून पाहिलं तर ५५% पेक्षा जास्त सभासदांना पोहता येतं का?
विधान १: पहिल्या गटात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सभासद आहेत.
विधान २: दुसऱ्या गटात ३० सभासद आहेत.

४० आणि ७० च्या बरोबर मध्ये ५५. गट सारखे असते तर एकत्रित टक्केवारी ५५ आली असती. ५५ च्या वर जायचं तर ७०% वाल्या गटाने ओढायला हवं, म्हणजे तो गट मोठा हवा. प्रश्न उरला: दुसरा गट मोठा आहे का? पहिलं विधान सांगतं, नाही. ठाम नाही. पुरेसं! दुसऱ्या विधानात एका गटाचा आकडा आहे, दुसऱ्याचा पत्ता नाही, म्हणून अपुरं. उत्तर: फक्त पहिलं.

चुकणारे इथे काय करतात? पहिलं विधान वाचतात, टक्केवारी ५५ च्या खाली येते हे त्यांना दिसतं, आणि ‘मग ५५ पेक्षा जास्त नाही’ असं म्हणून विधानावर काट मारतात. कागदावर ती काट मला स्पष्ट दिसते. प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून विधान ‘नापास’ झालं, असा हा घोटाळा आहे. दुरुस्ती हाताच्या सवयीत आहे: विधानापुढे बरोबर-चूक अशी खूण करायचीच नाही. ‘नेहमी हो’, ‘नेहमी नाही’ किंवा ‘कधी हो, कधी नाही’ यांपैकी एक लिहायचं. पहिली दोन्ही पुरेशी, तिसरं अपुरं.

याच प्रश्नात ५५ ऐवजी ६० विचारलं असतं तर? ४० पासून ६० चं अंतर २०, ७० पासून ६० चं अंतर १०. तोल साधायला दुसरा गट पहिल्याच्या दुप्पट हवा. म्हणजे प्रश्न होईल: दुसरा गट पहिल्याच्या दुपटीपेक्षा मोठा आहे का? आता ‘दुसरा गट मोठा आहे’ एवढं सांगणारं विधान अपुरं ठरतं, आणि ‘पहिला गट मोठा आहे’ हे विधान मात्र अजूनही पुरेसं असतं. मिश्रणाच्या गणितात अंतरांचं हे उलटं गुणोत्तर सगळे वापरतात. डेटा सफिशियन्सीत ते आठवत नाही, कारण इथे टक्केवारी काढायची नसून तुलना करायची असते. आठवण ठेवा, फार वेळ वाचतो.

दोन वेगवेगळ्या बेसवरचे टक्के

माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबते.

एका कंपनीचा या वर्षीचा नफा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे का? (नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न आणि खर्च दोन्ही धन.)
विधान १: या वर्षी उत्पन्न गेल्या वर्षीपेक्षा १०% वाढलं.
विधान २: या वर्षी खर्च गेल्या वर्षीपेक्षा ८% वाढला.

जवळपास प्रत्येक जण म्हणतो: दोन्ही मिळून पुरेशी. उत्पन्न १०% ने वाढलं, खर्च फक्त ८% ने, मग नफा वाढणारच.

पण ते १०% कशाचे आणि ८% कशाचे? (ज्या रकमेचे टक्के काढले ती रक्कम म्हणजे बेस.) गेल्या वर्षीचं उत्पन्न अ आणि खर्च ब धरा. नफ्यातला बदल = ०.१अ − ०.०८ब. हा बदल धन हवा, म्हणजे ०.१अ > ०.०८ब, म्हणजे अ > ०.८ब. उंबरठा हा आहे: गेल्या वर्षी उत्पन्न खर्चाच्या ८०% पेक्षा जास्त होतं का? दोन्ही विधानं एकत्र घेतली तरी याबद्दल एक अक्षर नाही. उत्पन्न १००, खर्च ९० धरा. या वर्षी ११० आणि ९७.२, नफा १० वरून १२.८ झाला. आता उत्पन्न १००, खर्च १५० धरा. या वर्षी ११० आणि १६२, तोटा ५० चा ५२ झाला, म्हणजे परिस्थिती आणखी बिघडली. खर्च १२५ घेतला तर दोन्ही वर्षी तोटा बरोबर २५ येतो, उंबरठ्यावर नेमका. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरी.

आता प्रश्नाच्या मजकुरात एकच वाक्य वाढवा: ‘गेल्या वर्षी कंपनीला नफा झाला होता.’ म्हणजे अ > ब. मग अ नक्कीच ०.८ब पेक्षा मोठा, आणि दोन्ही विधानं मिळून पुरेशी होतात. त्या एका वाक्यावर सगळं उत्तर उभं आहे. म्हणून प्रश्नाच्या मजकुरातली अट मी नेहमी वेगळी लिहायला लावते, विधानांच्या वर, चौकटीत. ती दोन्ही विधानांना लागू असते आणि विधानं वाचता वाचता सगळ्यात आधी तीच विसरली जाते.

आणि आकडे उलटे केले तर? उत्पन्न ८% वाढलं, खर्च १०% वाढला, गेल्या वर्षी नफा होता. ‘मग नफा कमीच झाला असणार’ असं वाटतं. बदल = ०.०८अ − ०.१ब, उंबरठा अ > १.२५ब. उत्पन्न १००, खर्च ९० असेल तर १०८ − ९९ = ९, नफा १० वरून घसरला. उत्पन्न १००, खर्च ५० असेल तर १०८ − ५५ = ५३, नफा ५० वरून वाढला. नफा होता एवढी अट इथे पुरत नाही, तो किती होता ते लागतं.

यातून धरायची गोष्ट एकच: टक्क्यांची टक्क्यांशी थेट तुलना तेव्हाच, जेव्हा दोन्ही टक्के एकाच बेसवरचे असतात. प्रत्येक टक्क्यापुढे ‘कशाचे?’ असं लिहा आणि उत्तरही लिहा. बेस वेगळे निघाले की तुलना थांबवा आणि बीजगणितात जा.

जाता जाता, नफ्याचं प्रमाण १०% वरून १२% झालं, तर ती २ टक्केबिंदूंची वाढ आहे, पण टक्क्यांत ती २०% वाढ आहे. प्रश्न कुठली विचारतो आहे ते पाहून घ्या.

चिन्हाची खात्री नसताना भागणं

अ ही संख्या ब च्या १२०% आहे. अ, ब पेक्षा मोठी आहे का?
विधान १: अ × ब > ०
विधान २: अ + ब > ०

‘१२०% म्हणजे मोठीच, विधानांची गरजच काय?’ असा प्रश्न मला वर्गात दर वेळी येतो. ब = −१० घ्या. १२०% म्हणजे −१२, आणि −१२ ही −१० पेक्षा लहान. टक्केवारी शिकताना आपण वस्तू, माणसं, वजनं मोजत असतो, म्हणून ऋण संख्या मनातच येत नाही. इथे मजकुरात ‘धन’ हा शब्द नाही, हे पाहायला हवं.

अ = १.२ब. प्रश्न उरतो: ब > ०? पहिलं विधान: १.२ब² > ०. हे ब शून्य नसला की नेहमीच खरं असतं, त्यातून चिन्ह कळत नाही. अपुरं. दुसरं विधान: २.२ब > ०, म्हणजे ब > ०. पुरेसं. उत्तर: फक्त दुसरं.

असमानतेला चलाने गुणताना किंवा भागताना चिन्ह माहीत हवं, नाहीतर ‘मोठा’ ची खूण फिरते की नाही ते कळणार नाही. किंमत, लोकसंख्या, लांबी अशी राशी असेल तर ती धन आहे हे गृहीत धरता येतं. नुसती अक्षरं असतील तर नाही.

याला लागूनच: एकाच दिशेच्या दोन असमानतांची बेरीज करता येते, वजाबाकी करता येत नाही. अ > ब आणि क > ड असेल तर अ + क > ब + ड हे नक्की, पण अ − क आणि ब − ड यांबद्दल काहीच सांगता येत नाही. नफ्याच्या प्रश्नात मनातल्या मनात नेमकी हीच चुकीची वजाबाकी होत असते.

गुणोत्तर पुरतं की आकडा लागतो?

प्रश्न ‘किती टक्के’ असा असेल तर गुणोत्तर मिळालं तरी काम होतं. प्रश्न ‘किती’ असा असेल तर कुठून तरी एक प्रत्यक्ष आकडा यायला हवा, टक्क्यांवर टक्के रचून तो येत नाही. एवढा नियम बहुतेकांना जमतो. फसवणूक होते ती त्याच्या अपवादात.

एका खोलीत ३० पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी माणसं आहेत. एकूण किती माणसं आहेत?
विधान १: त्यांपैकी बरोबर ३५% जणांना चष्मा आहे.
विधान २: त्यांपैकी बरोबर ४०% जण डावखुरे आहेत.

नियम लावणारा म्हणेल: दोन्ही विधानांत फक्त टक्के, आकडा कुठेच नाही, अपुरी. पण माणसं मोजताना पूर्णांकच येतो. ३५% म्हणजे ७/२०. चष्मा असलेल्यांची संख्या पूर्ण यायची तर एकूण संख्या २० च्या पटीत हवी. ३० आणि ५० च्या मध्ये २० ची पट एकच: ४०. पुरेसं. ४०% म्हणजे २/५, एकूण संख्या ५ च्या पटीत: ३५, ४०, ४५. तीन शक्यता, अपुरं. उत्तर: फक्त पहिलं.

इथे ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘सुमारे ३५%’ असं असतं तर हा मार्ग बंद झाला असता. तेव्हा प्रश्नात मोजता येणाऱ्या गोष्टी असतील आणि सोबत मर्यादा दिली असेल, तर टक्केवारीचा लहानात लहान अपूर्णांक करून छेद बघा. १२.५% दिसले तर ८, ३७.५% दिसले तरी ८, २४% दिसले तर २५. इथे असमानता तुलना करत नाही, ती शक्यता छाटून एकच उरवते. त्यामुळे ती नेहमीच्या रूपात ओळखू येत नाही.

‘दोन्ही मिळून’ कडे ओढ

क्ष आणि य या धन संख्या आहेत. क्ष, य च्या ६०% पेक्षा जास्त आहे का?
विधान १: ३क्ष − २य > ०
विधान २: क्ष > ६०

दुसऱ्या विधानातला ६० प्रश्नातल्या ६०% शी जुळतो, पहिल्यात दोन्ही अक्षरं आहेत, एकत्र केलं की काहीतरी निघेल असं वाटतं. पण पहिलं विधान एकटंच क्ष > (२/३)य सांगतं. दोन तृतीयांश म्हणजे ६६.६७% च्या आसपास, ६०% च्या वर. य धन आहे, म्हणून नेहमी हो. दुसऱ्या विधानात य बद्दल काहीच नाही. उत्तर: फक्त पहिलं.

ही ओढ घालवायला मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. पहिलं विधान तपासून झालं की त्यावर हात ठेवून झाकायचं. खरोखर हात ठेवायचा. दुसरं विधान तपासताना पहिल्यातलं काही डोक्यात शिरलं की निकाल बिघडतो, आणि ते शिरतं ते कळत नाही. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच हात उचलून दोन्ही एकत्र पाहायची.

आकडे घालून बघूनही चुकत असेल तर

मग आकड्यांची निवड तपासा. टक्केवारी दिसली की १०० घ्यायचा हे चांगलं आहे, पण १०० सगळ्याच जागी घेतला की बेस आपोआप सारखे होतात आणि ऋण, अपूर्णांक, शून्य या शक्यता झाकल्या जातात. नफ्याच्या प्रश्नात उत्पन्नही १०० आणि खर्चही १०० घेतला असता तर दोष दिसलाच नसता.

आकडे घालायचे ते विधान खोडून काढण्यासाठी. एका आकड्याने ‘हो’ आलं की ‘नाही’ देणारा आकडा शोधायला निघायचं, आणि तो उंबरठ्याच्या जवळ शोधायचा: थोडा अलीकडे, नेमका वर, थोडा पलीकडे. तीन-चार ‘हो’ मिळाले म्हणून विधान पुरेसं ठरत नाही. तेव्हा बीजगणिताने खात्री करायची.

एक मोठी सोय मात्र आहे, ती फार थोडे वापरतात. जीमॅटमध्ये दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. म्हणून पहिल्या विधानाने ‘नेहमी हो’ आणि दुसऱ्याने ‘नेहमी नाही’ असं आलं, किंवा एकाने क्ष = २५ आणि दुसऱ्याने क्ष = ३० असं आलं, तर चूक आपली आहे आणि ती आत्ताच शोधता येते. बहुतेक वेळा उंबरठा काढताना बेस चुकलेला असतो.

वेळेबद्दलही थोडं सांगते. आत्ताच्या जीमॅटमध्ये डेटा सफिशियन्सी डेटा इनसाइट्स विभागात येते. ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे सरासरी सव्वादोन मिनिटं. त्याच विभागात तक्ते आणि अनेक स्रोत वाचायला लावणारे प्रश्नही असतात आणि ते जास्त वेळ खातात, तेव्हा हे प्रश्न त्याहून लवकर सुटायला हवेत. पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो. या प्रकारात त्याला हात लावायची वेळ आली तर आधी थांबून स्वतःला विचारा, मी किंमत काढायला निघाले आहे का? ९७.२ येतंय की ९७.४ यावर बाजू ठरत असेल असे प्रश्न क्वचितच येतात.

विभागात तीन उत्तरं बदलण्याची मुभाही असते. कुठले प्रश्न खूण करून ठेवायचे याबद्दल माझं मत पक्कं आहे: ज्यांत ‘दोन्ही मिळून’ हे उत्तर तीस सेकंदांत सुचलं ते.

आता एक प्रश्न, वरचं सगळं वापरून बघण्यासाठी.

क्ष आणि य या धन संख्या आहेत. क्ष चे य टक्के हे य पेक्षा जास्त आहेत का?
विधान १: य > १००
विधान २: क्ष चे ४०% हे ४५ पेक्षा जास्त आहेत.

विधानांवर हात ठेवा आणि आधी प्रश्न लहान करा. क्ष × य/१०० > य. य धन आहे, म्हणून त्याने भागता येतं, आणि उरतं: क्ष > १००? य निघूनच गेला. पहिलं विधान नेमकं त्याच निघून गेलेल्या य बद्दल आहे. य > १०० वरून क्ष चे य टक्के क्ष पेक्षा जास्त आहेत हे कळतं, पण विचारलं आहे य पेक्षा. अपुरं. दुसरं विधान: ०.४क्ष > ४५, म्हणजे क्ष > ११२.५. उंबरठा १००, सगळ्या शक्यता पलीकडे. फक्त दुसरं विधान पुरेसं.